ठाऊक असलेलंच पुन्हा वाचणं

मोशे हाईम लुझातोचा ‘मेसिलात येशारिम’, म्हणजे सरळमार्गी माणसांची वाट, हा ग्रंथ १७४० साली ॲमस्टरडॅममध्ये छापला गेला. प्रस्तावनेतच तो सांगून टाकतो की यात नवं काही नाही; सगळ्यांना ठाऊक आहे त्याचीच आठवण करून द्यायचीय, आणि एकदा वाचून बाजूला ठेवलं तर फायदा जवळपास शून्य. जिथे माणसाची पत विद्वत्तेवर ठरे त्या समाजात हे म्हणणं धाडसाचंच. ज्यू नीतिग्रंथांचा, म्हणजे ‘मुसार’चा, अभ्यास या कबुलीवर उभा आहे असं मला वाटतं. अर्थ लागणं ही इथे सुरुवात असते. खरं काम तो मुरवण्याचं.

लिथुआनियातल्या मुसारपंथी येशिवांमध्ये, म्हणजे धर्मशिक्षणाच्या पाठशाळांमध्ये, दिवस तालमुदाचा, म्हणजे ज्यू धर्मकायद्याच्या चर्चाग्रंथाचा, असे. विद्यार्थी जोडीने बसत, एकाने मांडायचं, दुसऱ्याने खोडायचं. संध्याकाळच्या प्रार्थनेआधीचा साधारण अर्धा तास मात्र मुसारला. मग जोड्या सुटत. अंधारून येताना प्रत्येक जण आपापलं पुस्तक घेऊन एखादंच वाक्य मोठ्याने, रडवेल्या चालीत, घोळवत राही. आपल्या पारायणात ग्रंथ पुरा होण्याला महत्त्व; इथे एका ओळीशी अडून बसण्याला. १९व्या शतकाच्या मध्यावर ही चळवळ उभी करणाऱ्या इस्राएल सालान्तरचं निदान साधं होतं: डोक्याला पटलं तरी हात जुन्याच वळणाने जातो, आणि नुसत्या युक्तिवादाने तो वळत नाही. म्हणून चाल, म्हणून उजळणी.

याला विरोध झाला तो विद्वानांकडूनच. तालमुदात नीती आहेच, मग वेगळा पंथ कशाला? १८९७मध्ये स्लाबोडकाच्या येशिवात याच वादातून फूट पडली. आक्षेप वजनदार आहे, पण लुझातोचं अकरावं प्रकरण त्याला उत्तर देतं. विषय ‘निर्मळपणा’, आणि बराच भर चोरीवर. दरोड्यावर नव्हे, तर रोजंदारीवरच्या मजुराने मालकाचा वेळ दवडण्यासारख्या, चोरी न वाटणाऱ्या गोष्टींवर. अब्बा हिल्किया कामावर असताना विद्वानांच्या नमस्कारालाही उत्तर देत नसे, कारण तो वेळ विकलेला होता. ही गोष्ट तालमुदातलीच. मजुरांना जेवणानंतरची प्रार्थना आखडती घेण्याची मुभा होती, तीही तिथलीच. लुझातो त्यात भर घालत नाही; वादाच्या पटावरची गोष्ट उचलून वाचणाऱ्याच्या स्वतःच्या खात्यावर मांडतो. तालमुदाचा पंडित मजुरीचा कायदा बिनचूक सोडवून संध्याकाळी मजुराचे पैसे अडकवू शकतो; हा अर्धा तास त्याच्यासाठीच आहे.

दुसरा आक्षेप आत्ममग्नतेचा. सतत स्वतःकडे बघणाऱ्याला शेजारी कधी दिसणार? मुळात लुझातोची उदाहरणं शेजाऱ्याच्या पैशाची, वेळेची, अब्रूची आहेत, त्यामुळे ग्रंथावर हा आरोप टिकत नाही. पद्धतीवर मात्र कधीकधी टिकतो. मुसार चळवळीच्या नोवारडोक शाखेतली मुलं लोकलाजेची भीती मोडायला औषधांच्या दुकानात जाऊन खिळे मागत. भीती मोडत असेलही; दुकानदाराचा वेळ गेला त्याचं काय, हे अकराव्या प्रकरणाच्या वाचकाला सुचायला हवं होतं.

तिसरी कुरकुर हिशेबीपणाची. मेनाहेम मेंडेल लेफिनच्या १८०८च्या ‘हेशबोन हानेफेश’मध्ये, म्हणजे जिवाच्या हिशेबात, तेरा गुण आहेत. कल्पना बेंजामिन फ्रँकलिनच्या सद्गुणांच्या तक्त्यावरून घेतलेली. सालान्तरने ते पुस्तक पुन्हा छापवून घेतलं. आठवड्याला एक गुण, चुकलं त्या दिवशी खूण. सद्गुण वहीत मावत नाहीत हे खरं. पण ही वही चुकांची आहे, आणि चुका मोजता येतात. शिवाय एकही गुण तिथे ‘झाला’ म्हणून बंद होत नाही: चौदाव्या आठवड्यात पहिला पुन्हा येतो, आणि वर्षाच्या बावन्न आठवड्यांत प्रत्येकाची पाळी चार वेळा लागते.