शाश्वत पाम तेल: शेत, गिरणी आणि बाजार यांचे सहकार्य

पाम तेलाचे उत्पादन निसर्गाला आणि शेतकऱ्याला दोघांनाही झेपेल असे ठेवायचे असेल, तर त्याचा खर्च आणि जोखीम कोणी उचलायची? या पाठात आपण हा प्रश्न तंजावूर जिल्ह्यातील ओरत्तनाडु तालुक्याच्या उदाहरणाने समजून घेऊ.

१. पार्श्वभूमी

भारत हा जगातील सर्वांत मोठा पाम तेल आयातदार देश आहे. इंडोनेशिया व मलेशियात या पिकासाठी वर्षावने तोडली गेली. त्यावर उपाय म्हणून २००४ मध्ये उत्पादक, प्रक्रिया उद्योग, खरेदीदार आणि पर्यावरण संस्था यांनी एकत्र येऊन आरएसपीओ ही प्रमाणन संस्था स्थापन केली. भारतात २०१८ मध्ये खरेदीदार कंपन्यांना जोडणारी शाश्वत पाम तेल आघाडी सुरू झाली. देशातील लागवड वाढवण्यासाठी केंद्र सरकारने ऑगस्ट २०२१ मध्ये ११,०४० कोटी रुपयांच्या राष्ट्रीय अभियानाला मंजुरी दिली.

२. ओरत्तनाडुमध्ये प्रश्न वेगळा का?

हा कावेरीच्या पाण्यावरचा भात आणि नारळाचा मुलूख आहे. येथे तेलताड लावायचा म्हणजे जंगल तोडायचे नसून चालू शेत बदलायचे असते. त्यामुळे ‘शाश्वत’ या शब्दाचा येथील पहिला अर्थ पाणी हाच आहे.

तेलताडाची ९ मीटर अंतरावर त्रिकोणी पद्धतीने लागवड केली, तर हेक्टरी १४३ झाडे बसतात. उन्हाळ्यात एका झाडाला दिवसाला साधारण २०० लिटर पाणी धरू.

१४३ × २०० = २८,६०० लिटर प्रति हेक्टर प्रतिदिन

हे पाणी बहुधा कूपनलिकेतून येणार. म्हणून ठिबक सिंचन आणि आच्छादन ही या पिकाची पूर्वअट समजावी.

दुसरा अर्थ काळाशी जोडलेला आहे. पहिली तीन-चार वर्षे उत्पन्न नसते, त्यानंतर झाड २५-३० वर्षे फळते. नोव्हेंबर २०१८ मधील गज चक्रीवादळात या भागातील नारळबागा आडव्या झाल्या. अनेक वर्षे जपलेले झाड गेले म्हणजे काय होते, हे येथील शेतकऱ्याला सांगावे लागत नाही.

३. चोवीस तासांचे बंधन

घड तोडल्यावर फळातील लायपेज हे विकर तेलाचे विघटन करू लागते, मुक्त मेदाम्ले वाढतात आणि तेलाचा दर्जा घसरतो. म्हणून तोडलेला घड शक्यतो २४ तासांच्या आत गिरणीत पोहोचायला हवा. या परिसरातील एक गिरणी कोळ्ळिडम नदीपलीकडे अरियलूर जिल्ह्यात वारणवासी येथे आहे.

याचा परिणाम असा की शेतकरी घड साठवून चांगल्या भावाची वाट पाहू शकत नाही, आणि गिरणीही लांबून कच्चा माल आणू शकत नाही. दोघे एकमेकांना बांधलेले असतात. पण गिरणी एक आणि शेतकरी अनेक, त्यामुळे घासाघीस करण्याची ताकद सारखी नसते.

४. जोखीम वाटून घेणारे सूत्र

ही विषमता कमी करण्यासाठी अभियानात व्यवहार्य किंमत ठरवली जाते. कच्च्या पाम तेलाचा मागील पाच वर्षांचा सरासरी भाव घाऊक किंमत निर्देशांकानुसार समायोजित करून त्याचे १४.३ टक्के घेतात. समजा हा सरासरी भाव टनाला १,००,००० रुपये आहे, पण चालू भाव ८०,००० रुपये आहे.

व्यवहार्य किंमत = १४,३०० रुपये प्रति टन घड
गिरणीने द्यायची किंमत = ८०,००० च्या १४.३ टक्के = ११,४४० रुपये
फरक = २,८६० रुपये

हा फरक सरकार थेट शेतकऱ्याच्या खात्यात जमा करते. जागतिक बाजारातील पडझड शेतकऱ्याने एकट्याने सोसू नये, हा त्यामागील हेतू. मात्र वेळेवर वजन, वेळेवर वाहतूक आणि वेळेवर पैसे यांची हमी सूत्रात नाही. ती गिरणीच्या कारभारातूनच मिळते.

५. गिरणीची आणि खरेदीदाराची जबाबदारी

गिरणीच्या सांडपाण्यात सेंद्रिय भार फार असतो. ते उघड्या तळ्यात कुजले तर मिथेन हवेत जातो. बंद पाचकात प्रक्रिया केली तर तोच वायू इंधन होतो. तंतू व कवच बाष्पित्रात जाळता येतात. रिकामे घड बागेत आच्छादन म्हणून परत गेले, तर जमिनीतील ओल टिकते. म्हणजे गिरणीतील टाकाऊ पदार्थ विभाग २ मधील पाण्याच्या प्रश्नाला थेट मदत करतो.

साबण व खाद्यपदार्थ कंपन्या प्रमाणित तेल मागतात. परंतु प्रमाणनासाठी नोंदी, तपासणी आणि प्रशिक्षण लागते. लहान शेतकऱ्याला हा खर्च एकट्याने परवडत नाही, म्हणून गट प्रमाणनाची सोय असते. खरेदीदाराने अधिक दर दिला नाही, तर मात्र अटी तेवढ्या शेतापर्यंत पोहोचतात आणि पैसा वरच राहतो.

६. सारांश

सहकार्य मोजायचे असेल, तर कोणी कोणत्या करारावर सही केली एवढेच पाहू नये. भाव पडला, पाऊस चुकला किंवा गिरणी दोन दिवस बंद पडली, तर नुकसान कोणाच्या वाट्याला येते ते पाहावे. ते प्रत्येक वेळी शेतकऱ्याच्याच वाट्याला येत असेल, तर तेल प्रमाणित असूनही व्यवस्था शाश्वत नाही.

स्वाध्याय

१. चालू भाव १,१०,००० रुपये असेल, तर वरील उदाहरणात सरकारला फरक द्यावा लागेल का? कारण द्या.
२. पाच हेक्टर बागेची उन्हाळ्यातील रोजची पाण्याची गरज काढा. तुमच्या गावातील एक कूपनलिका ती भागवेल का?