रडारची तिरकी नजर

नागपूरहून ‘समृद्धी’ला लागलं की मोटारीला ताशी १२० किलोमीटरची मुभा. तिथला वेग रडार कसा मोजतं, याचं गणित मी वहीत मांडून पाहिलं. खांब कडेला, म्हणून रडारची नजर तिरकी. त्याला गाडीचा पूर्ण वेग दिसतच नाही. कोन २० अंशांचा असेल तर १२० चे ११३ दिसतात. यंत्र ठरवून दिलेल्या कोनानुसार ही तूट भरून काढतं. पण वाऱ्याने म्हणा, धक्क्याने म्हणा, रोख पाच अंशांनी रस्त्याच्या रेषेकडे वळला, की ११८ ने जाणारा १२१ वर नोंदला जातो. चलान घरी! उलट वळला तर १२४ वाला सुटतो.

केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ साली आलेल्या १६७ अ नुसार यंत्राचं प्रमाणपत्र दरवर्षी नवं करावं लागतं. मला वर्ष फार वाटतं. विदर्भातल्या वादळाला एक दुपार पुरते.

कोन तपासायला जाणाऱ्याचाही विचार हवा. १२० चा वेग म्हणजे सेकंदाला ३३ मीटर. शिडी टेकण्याआधी बऱ्याच अंतरावर फलक आणि नारिंगी शंकू लागले पाहिजेत, आणि येणाऱ्या गाड्यांवर डोळा ठेवायला दुसरा माणूस.