काटे कुणी साफ केले?

चेन्नईच्या पश्चिमेला अंबत्तूर आहे. तिथे जुना तलाव आहे आणि १९६४ साली उभी राहिलेली मोठी औद्योगिक वसाहतही. मुलाने इंजिनीअर होऊन अशाच एखाद्या वसाहतीत नोकरीला लागावे, ही घरोघरची इच्छा. पण कारखाना आला की तलावाचे, रानाचे काय होते आणि ते ठरवायचे कुणी, याचा अभ्यास हेही आयुष्यभराचे काम असू शकते, हे सहसा कुणाला सुचत नाही.

पुण्याच्या माधव गाडगीळांना ते सुचले. जन्म १९४२चा, वडील अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ. हार्वर्डची डॉक्टरेट मिळवून, तिथे शिकवूनही ते मायदेशी परतले आणि १९७३ पासून बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत रमले.

तिथे असताना कारवारकडच्या बांबूचा प्रश्न त्यांच्यापुढे आला. कागद गिरणीला सरकारकडून बांबू मिळे दीड रुपया टनाने. बुरुडांना मात्र बाजारभावाने हजारो रुपये मोजावे लागत! तरीही बांबू संपत चालला आणि खापर फुटले गावकऱ्यांवर. बेटाच्या बुडाशी असलेले काटेरी जाळे गिरणीची माणसे साफ करीत. त्याने बांबू जोमाने वाढेल, असा समज. गावकरी म्हणाले, ‘‘अहो, ते काटे म्हणजे कोंबांचे कुंपण!’’ गाडगीळांनी बेटे मोजून पाहिली. गावकऱ्यांचेच खरे निघाले; काटे गेले की कोवळे कोंब गुरे आणि रानातली जनावरे फस्त करीत.

हा धडा ते विसरले नाहीत. २०१० साली केंद्राने पश्चिम घाटासाठी त्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. आपली गावे संवेदनशील क्षेत्रात घ्या, असे ठराव सावंतवाडी-दोडामार्गच्या २५ ग्रामसभांनी आपणहून केले होते. निर्णय ग्रामसभांना विचारून व्हावेत, असे समितीने २०११च्या अहवालात सांगितले. दिल्लीला ते पचले नाही. अहवाल दडपून ठेवला गेला. माहितीच्या अधिकाराची लढाई होऊन तो २०१२ साली लोकांपुढे आला. केरळात तर त्याविरुद्ध मोर्चे निघाले. मग कस्तुरीरंगन समिती आली आणि तिने संरक्षित क्षेत्र बरेच आक्रसले.

३० जुलै २०२४च्या पहाटे केरळच्या वायनाडमध्ये दरडी कोसळून शेकडो माणसे गेली. तो वैत्तिरी तालुका गाडगीळांच्या नकाशात सर्वांत नाजूक पट्ट्यात होता.