पहिली रायफल घेताना

१ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसच्या ऑलिंपिक स्पर्धेत राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर रायफलच्या तीन पवित्र्यांच्या प्रकारात कांस्यपदक मिळवले. गुडघ्यावर बसून, पालथे पडून आणि उभे राहून अशा तिन्ही तऱ्हांनी नेम धरायचा हा प्रकार. त्यात भारताला मिळालेले हे पहिलेच ऑलिंपिक पदक. आमच्या जिल्ह्यात तेजस्विनी सावंत यांच्या नावामुळे नेमबाजी अनोळखी नव्हती; २०१० साली म्युनिकला त्या जगज्जेत्या झाल्या होत्या. पण कांबळवाडीचे पदक आले आणि खेड्यापाड्यांतल्या आईबापांना वाटू लागले की, आपल्याही पोराच्या हाती रायफल द्यावी.

त्याच दिवाळीत ओळखीचे एक शेतकरी माझ्याकडे आले. कारखान्याचा दुसरा हप्ता नुकताच जमा झाला होता. मी महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो आणि काही वर्षे एन. सी. सी. चे काम पाहिले आहे; तेवढ्यावर गावाने मला या विषयातला जाणकार ठरवून टाकले आहे. ते म्हणाले, "सर, पोराला रायफल घ्यायची हाय. सहावीत हाय धाकटा. चांगल्यातली चांगली सांगा, पैशाकडं बघू नका."

मी म्हटले, "पैशाकडे नाही बघत, पण मुलाकडे बघू द्या की. त्याला का नाही आणलंत?"

"त्याला कशाला? घेणार तर मी हाय!"

आता पाहा, मुलाला चप्पल घ्यायची तर आपण त्याला दुकानात नेतो, पाय घालून पाहायला लावतो. आणि रायफल मात्र बापाच्या मापाने घेतो. यात त्या गृहस्थांना मी हसत नाही. हीच चूक मी स्वतः केलेली आहे.

२०१७ साली माझ्या पुतण्याला मी एक एअर रायफल घेऊन दिली. त्याचे वय तेव्हा अकरा. दुकानदार म्हणाला, "मोठीच न्या, मुलगा काय वाढतोच आहे." मलाही ते पटले. आपल्याकडे शाळेचा गणवेश वाढत्या अंगाचाच शिवतात. बाही दुमडली की वर्षभर चालतो. पण रायफलीची बाही दुमडता येत नाही, हे मला सहा महिन्यांनी कळले. मुलगा ती पेलण्यासाठी कमरेतून मागे झुकायचा, मान पुढे ताणायचा. घोडा लांब पडायचा म्हणून उजवे कोपर हवेत उचलायचा. चार-सहा छर्रे झाले की हात थरथरत. त्याने तक्रार केली नाही, कारण काकांनी हौसेने आणलेली वस्तू. नुसते "आज गृहपाठ आहे" म्हणू लागला. ती रायफल आज माळ्यावर आहे, आणि मुलाला नेमबाजीचे नाव काढलेले आवडत नाही. पैसे गेले त्याचे दुःख नाही. त्या मुलाचे डोळे शांत होते आणि त्याला चिकाटी होती, तो खेळ माझ्यामुळे सुटला, हे मात्र लागून राहिले आहे.

तेव्हा वजनापासूनच सुरुवात करू. दहा मीटरच्या स्पर्धेत रायफल जास्तीत जास्त साडेपाच किलोंची चालते, आणि मोठी मंडळी साडेचार-पाच किलोंची वापरतात. तीस किलोंच्या मुलाने पाच किलो उचलायचे म्हणजे साठ किलोंच्या गड्याने दहा किलो उचलण्यासारखे. तेही खांद्यावर टाकून नव्हे, समोर धरून. स्पर्धेत साठ छर्रे पंचाहत्तर मिनिटांत मारायचे असतात. जाणते नेमबाज हे वजन स्नायूंवर घेतच नाहीत. डावे कोपर बरगडीला किंवा कमरेच्या हाडाला टेकवतात आणि भार हाडांवरून सरळ पायांत उतरवतात, डोक्यावरची घागर जशी मानेच्या मणक्यांवरून उतरते तशी. वाढत्या वयाच्या मुलाला हे साधायला वेळ लागतो. तोवर त्याला हलकी, साडेतीन किलोंच्या आतबाहेरची रायफल हवी, आणि पहिले काही महिने तीही टेकूवर ठेवून चालवायला हवी. टेकू घेणे म्हणजे कमीपणा, असे आपल्याकडे काही जण मानतात. जर्मनीत तर बारा वर्षांखालच्या मुलांना छर्राच देत नाहीत. प्रकाशाचा किरण सोडणारी रायफल देतात. तो देश नेमबाजीत कोणाच्या मागे नाही.

दुसरे माप दस्त्याचे. हे घरच्या घरी घेता येते. मुलाने उजवा हात कोपरात काटकोनात वाकवावा. दस्त्याचे टोक कोपराच्या खोबणीत टेकवावे, आणि तर्जनीचे पहिले पेर घोड्यावर सहज बसते का पाहावे. बोट ताणावे लागले तर दस्ता लांब आहे. आतल्या पेरापर्यंत घोडा आला तर आखूड आहे. चांगल्या रायफलींचा दस्ता पुढेमागे करता येतो, गालाखालची पट्टीही वरखाली होते. 'वाढत्या अंगाची' रायफल खरी हीच: आज आखूड करून घ्यायची आणि मूल वाढेल तशी लांबवायची.

तिसरी गोष्ट डोळ्याची, आणि ती बहुतेकांना माहीतच नसते. जसा आपला एक हात पुढाकार घेणारा असतो तसा एक डोळाही असतो. वहीच्या कागदाला बोराएवढे भोक पाडा. दोन्ही हातांनी कागद समोर लांब धरून, दोन्ही डोळे उघडे ठेवून, भोकातून दूरचा विजेचा खांब पाहा. आता आळीपाळीने एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याला खांब दिसत राहतो तो पुढाकाराचा डोळा. शिक्षकमित्रांना माझी विनंती आहे की, सबंध वर्गाची ही परीक्षा एकदा घ्याच. दहा मिनिटांचे काम, मुलांना मौज वाटते. उजव्या हाताचा पण डाव्या डोळ्याचा एखादा विद्यार्थी नक्की सापडेल. अशा मुलाने रायफल कोणत्या खांद्याला लावावी, हे ती विकत घेण्याच्या आधी प्रशिक्षकाकडून ठरवून घ्यावे, कारण डाव्या आणि उजव्या बाजूचे दस्ते निराळे येतात. आणि डावखुऱ्या मुलाला उजव्या खांद्यावर रेटू नये. लिहिण्याच्या बाबतीत आपण ती जबरदस्ती सोडली, इथेही सोडावी.

एवढे काटेकोर कशासाठी, असे कोणी विचारील. थोडे गणित सहन करा. दहा मीटरवरच्या लक्ष्यात दहा गुणांचा ठिपका अवघ्या अर्ध्या मिलीमीटरचा असतो, म्हणजे पेन्सिलीच्या टोकाएवढा. छर्रा साडेचार मिलीमीटरचा असल्याने त्याची कड ठिपक्याला लागली तरी दहा गुण मिळतात. नळीच्या टोकाची माशी आणि डोळ्याजवळचे भोक यांत ऐंशी सेंटीमीटर अंतर धरले, तर माशी एक मिलीमीटर हलली की दहा मीटरवर छर्रा साडेबारा मिलीमीटर सरकतो. दहाच्या जागी गुण मिळतात सहा. अवजड रायफल धरणाऱ्या मुलाची माशी एक मिलीमीटर नव्हे, बोटभर हलते. त्यावर घोडा कडक असला तर आणखी पंचाईत. स्वस्त रायफलींचा घोडा ओढायला कधी कधी दोन किलोंचा जोर लागतो. तीन-साडेतीन किलोंच्या वस्तूला दोन किलोंनी हिसका दिला तर ती जागेवर कशी राहील?

आता प्रकार. बाजारात स्वस्तात मिळते ती स्प्रिंगची. नळी मोडून वाकवायची, आत स्प्रिंग दबते, घोडा ओढला की दट्ट्या पुढे धावतो आणि हवेने छर्रा सुटतो. दट्ट्या धावतो तेव्हा छर्रा अजून नळीतच असतो, त्यामुळे रायफल आधी मागे, मग पुढे असा झटका देते. त्या झटक्यातून नेम शिकणे कठीण. शिवाय नळी वाकवायला मोठ्या माणसाचा जोर लागतो. मुलाचा हात सुटला आणि नळी उलटी मिटली तर बोट सापडते. दुसरा प्रकार दाबलेल्या हवेच्या सिलिंडरचा. तिला झटका जवळजवळ नाही, भरायला जोर नाही, घोडा हलका. स्पर्धेत आज हीच चालते. पण परदेशी बनावटीची घ्यायची तर किंमत दीड-दोन लाखांच्या घरात, किंवा वरही जाते. जुनी घ्यायला हरकत नाही. क्लबातली मुले मोठी होतात आणि त्यांच्या लहान रायफली विकायला निघतात. तेव्हा रंगरूप न पाहता सिलिंडरवरचा मुदतीचा शिक्का पाहावा. मुदत संपलेला सिलिंडर म्हणजे बिघडलेला कुकर. भरूही नये, जवळही ठेवू नये.

म्हणून माझा साधा सल्ला असा की, पहिले वर्ष काहीच विकत घेऊ नये. क्लबाची रायफल वापरावी. तिथे दोन-चार निरनिराळ्या हाती धरून पाहता येतात, आणि मुलाला हा खेळ खरोखर आवडतो की नुसते पदक आवडते, हेही कळते. जाड जाकीट आणि विजार यांचीही घाई नको. ती तर खरोखरच वाढत्या अंगाला पुरत नाहीत. राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीतही मुले निवडली जातात. कुसाळे २००९ साली प्रबोधिनीत दाखल झाले, तिथूनच पुढे नेमबाजीकडे वळले. गावच्या शिक्षकाने एवढी माहिती पालकांच्या कानावर घातली तरी एखाद्या घरचे कर्ज वाचेल.

कायद्याचेही थोडे सांगायला हवे. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ४.५ मिलीमीटरपर्यंत नळी आणि २० ज्यूलपर्यंत जोर असलेल्या एअर रायफलीला परवाना लागत नाही. पावती मात्र जपून ठेवावी. पॉइंट टू-टू ची काडतुसाची रायफल हे अग्निशस्त्र. तिला परवाना लागतो आणि तो एकवीस वर्षांखालच्या व्यक्तीला मिळत नाही. प्रशिक्षणापुरती नियमांत सवलत आहे, तीही देखरेखीखाली. मुलाच्या पहिल्या रायफलीत तिचा विचारच नको.

परवाना लागत नाही म्हणून एअर रायफल खेळणे ठरत नाही. जवळून लागलेल्या छर्ऱ्याने डोळा जातो. भरलेली असो वा नसो, नळी माणसाकडे वळता कामा नये, नेम धरेपर्यंत बोट घोड्यावर जाता कामा नये, आणि लक्ष्याच्या मागे मातीचा बांध किंवा जाड आडोसा असल्याखेरीज छर्रा सुटता कामा नये. छर्रे शिशाचे असतात. मुलांना ते तोंडात धरायची खोड असते, ती पहिल्या दिवशीच मोडावी. शिसे विषारी आहे. सराव झाला की साबणाने हात धुवावेत. रायफल कुलपात आणि किल्ली मोठ्यांकडे.

आणखी एक. गावात एअर रायफल आली की पहिला नेम झाडाकडे जातो. पोपट, होला, साळुंकी. "मारून बघ की," म्हणणारे बहुधा घरातलेच मोठे कोणीतरी असते. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, त्याखाली हा गुन्हा होतो. पण मला चिंता वेगळीच आहे. पाखरू पडले की मुलाला शाबासकी मिळते, आणि मग कागदावरच्या काळ्या ठिपक्याची गोडी उरत नाही. ठिपका ओरडत नाही, पडत नाही. तो फक्त तुमचा हात किती हलला ते सांगतो. ते ऐकायला शिकणे हाच हा खेळ आहे.

ते शेतकरी पुढच्या रविवारी मुलाला घेऊन आले. आमच्या व्हरांड्यात कागदाच्या भोकाची परीक्षा झाली. हात उजवा, डोळाही उजवा. कोपरापासून तर्जनीच्या पेरापर्यंतचे माप घेतले. मुलाने ते वहीत स्वतः लिहून ठेवले. आता तो आठवड्यातून दोन दिवस एस. टी. ने क्लबात जातो, टेकूवर क्लबाचीच रायफल चालवतो. हप्त्याचे पैसे सोसायटीत ठेव म्हणून आहेत. मध्ये वडील भेटले तेव्हा म्हणाले, "सर, पोरगं दीड बोट वाढलं. माप पुन्हा घ्यायचं का?"

मी म्हटले, "घ्या. पण दुकानाची घाई करू नका."