तोंडी ठेका आणि कामगाराचे घर

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यातला आमचा कामगार बांधव आयुष्यात दोनदाच मोठी रक्कम हाताळतो. एकदा मुलीच्या लग्नात आणि एकदा घराच्या कामात. तीन पाळ्यांत घाम गाळून साठलेला पी.एफ., पतपेढीचे कर्ज, पत्नीच्या बचत गटाचे पैसे असे सारे गोळा करून तो घर दुरुस्तीला काढतो. आणि ही जन्माची पुंजी देतो कोणाच्या हाती? ज्याचा धड पत्ताही ठाऊक नाही अशा ठेकेदाराच्या! कागद नाही, पावती नाही. 'आपलाच माणूस आहे' एवढ्या शब्दावर व्यवहार!

चाकणच्या एका कारखान्यात काम करणाऱ्या बांधवाने आपली हकिकत आम्हांस सांगितली. स्लॅबचे वॉटरप्रूफिंग आणि प्लास्टर मिळून एक लाख ऐंशी हजारांना ठरले. एक लाख वीस हजार उचल दिली. पहिल्याच पावसात छत गळू लागले, भिंतींना पोपडे आले. जाब विचारताच ठेकेदार म्हणाला, "तुझ्याकडे लिहिलेले काय आहे?" बांधव मुकाट्याने घरी आला.

त्याने गप्प बसायला नको होते. तोंडी करारही कायद्याने करारच असतो. बँकेतून पैसे पाठवल्याची नोंद, मोबाईलवरचे निरोप, गळक्या छताचे फोटो हे सारे पुरावे आहेत. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातील 'सेवा' या शब्दात १९९३ मध्ये घरबांधणीचा स्पष्ट समावेश झाला. त्याच वर्षी लखनऊ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकृष्ट बांधकाम आणि विलंब यांना सेवेतील त्रुटी ठरवले. २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला, त्यातही घरबांधणी कायम आहे. बिल किंवा पावती न देणे ही या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे.

तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे करायची. दिलेला मोबदला पन्नास लाखांपर्यंत असेल तर प्रकरण तिथेच चालते, पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. वकील सक्तीचा नाही. ठेकेदार परगावचा असला तरी तक्रारदार आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात दाद मागू शकतो. मुदत मात्र दोन वर्षांची आहे. आयोगाचा हुकूम न पाळणाऱ्यास एक महिना ते तीन वर्षे कैद किंवा पंचवीस हजार ते एक लाख रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. १९१५ या क्रमांकावर सल्ला मिळतो.

येथे एक भेद ध्यानात घ्यावा. नाक्यावरून रोजाने आणलेला मिस्त्री आपल्या सांगण्याप्रमाणे काम करतो, तेव्हा ती मालक-नोकराची व्यक्तिगत सेवा ठरते व हा कायदा तिला लागू होत नाही. अंगावर काम घेणारा ठेकेदार मात्र सुटत नाही. हे योग्यच आहे. कडाक्याच्या उन्हात नाक्यावर उभा राहणारा मजूर आपलाच भाऊ आहे. ठेकेदाराने अनेकदा त्याचीही मजुरी बुडवलेली असते. आपला झगडा त्याच्याशी नाही.

कायदा आहे म्हणून सारे आलबेल आहे असे नव्हे. नोटीस पोहोचल्यापासून तीन महिन्यांत, मालाची तपासणी लागल्यास पाच महिन्यांत निकाल लावावा असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात. पाळी बुडवून कामगाराने किती हेलपाटे घालायचे? शिवाय गुंठेवारीच्या घरात राहणारा 'आपलेच घर अनधिकृत, तक्रार कशी करू?' या भीतीने तोंड उघडत नाही. ठेकेदाराला ही भीती पक्की ठाऊक असते.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात घरदुरुस्तीचा करार लेखीच करावा लागतो आणि ठेकेदाराला कराराच्या दहा टक्के किंवा एक हजार डॉलर, यांपैकी जी कमी असेल त्याहून अधिक उचल घेता येत नाही. महाराष्ट्रात असा कायदा का नसावा? कामगार संघटनांनी ही मागणी लावून धरली पाहिजे.

तोवर आपण एवढे करावे. काम काय, माल कोणता, रक्कम किती, काम संपायची तारीख कोणती, गळती झाल्यास किती वर्षे मोफत दुरुस्ती, हे साध्या कागदावर मराठीत लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. दोन साक्षीदार असावेत. पैसे कामाच्या टप्प्यांप्रमाणे, शक्यतो बँकेतून द्यावेत. शेवटचा हप्ता एक पावसाळा पाहून द्यावा, असेही लिहून घ्यावे.

२४ डिसेंबर हा राष्ट्रीय ग्राहक दिन. दुसऱ्याच दिवशी हजारो बांधव देहूरोडला जमतात, कारण २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी तेथे बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. आपले हक्क त्यांनी कोणाच्या तोंडी शब्दावर सोडले नाहीत, ते संविधानाच्या कलमांत लिहून ठेवले. त्यांच्या लेकरांनी घामाचे पैसे तरी बिनकागदाचे का द्यावेत? यंदा देहूरोडला येताना हा प्रश्न सोबत आणावा.