‘काही लागलं नाही ना?’ – वाहन अपघातातून वाचलेले बालक आणि आपले कर्तव्य

वाहन अपघातातून सुखरूप बाहेर पडलेल्या कुटुंबाला आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘काही लागलं नाही ना?’ उत्तरही ठरलेलेच, ‘देवाची कृपा. जिवावरचं शेपटावर निभावलं.’ मग मीठमोहरी ओवाळून टाकली जाते, देवापुढे नारळ फुटतो, गाडी गॅरेजमध्ये जाते आणि चार दिवसांत प्रकरण मिटले असे सर्वजण धरून चालतात. त्या गाडीत एखादे बालक असेल तर मात्र प्रकरण तेथे मिटतेच असे नाही. पुष्कळदा ते तेथून सुरू होते. पुढे ते बालक वैद्याकडे येते तेव्हा त्याच्या तक्रारींत अपघाताचा उल्लेखही नसतो. अंथरुणात लघवी होते, रात्री दचकून उठते, पोट दुखते, जेवत नाही, शाळेत लक्ष नाही, अशा वेगवेगळ्या लक्षणांच्या रूपाने तो अपघात आपल्यासमोर येऊन बसतो आणि आपण त्याला ओळखत नाही.

आम्हीही ओळखला नव्हता. तो अनुभव पुढे सांगणारच आहोत. तत्पूर्वी शरीराचा विचार.

प्रथम शरीर : पहिले दोन दिवस

अपघातानंतर बालक रडून शांत झाले, खेळू लागले, म्हणजे ते निर्धोक झाले असे समजू नये. शिर हे त्रिमर्मांपैकी एक. शिरोभिघाताची लक्षणे काही तासांनी, क्वचित एक-दोन दिवसांनीही प्रकट होऊ शकतात. वारंवार वांती, वाढत जाणारी गुंगी, जागे करण्यास कष्ट पडणे, वाढती डोकेदुखी, झटका, दोन्ही बाहुल्यांचा आकार असमान दिसणे, नाकातून वा कानातून रक्त किंवा पाण्यासारखा स्राव, एका बाजूचा हातपाय कमी हलणे, तान्ह्या बालकाची टाळू फुगणे, सतत किरकिर किंवा वागण्यात अचानक बदल. यांपैकी एकही लक्षण दिसल्यास औषधयोजनेचा विचारही न करता बालकास शस्त्रक्रियेची व सी.टी. स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात पाठवावे. 108 क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रात 2014 पासून उपलब्ध आहे.

दुसरी गोष्ट पोटाची. सीटबेल्ट लावलेल्या मुलाच्या पोटावर पट्ट्याच्या आकाराचा आडवा वळ उठला असेल, तर त्यास केवळ मुका मार समजून लेप लावू नये. मोठ्यांचा पट्टा लहान मुलाच्या ओटीच्या हाडावर न बसता पोटावर सरकतो आणि आतड्यास व कंबरेच्या मणक्यास इजा करू शकतो. असा वळ, त्यासोबत पोटदुखी किंवा वांती, हे तातडीने पाठवण्याचे लक्षण होय.

तिसरी गोष्ट मर्दनाची. अपघातानंतर सुजलेल्या भागावर तेल चोळण्याची आणि शेक देण्याची घाई घराघरांत होते. क्वचित आपल्या व्यवसायबंधूंकडूनही होते. अस्थिभग्न नाही याची क्ष-किरणाने खात्री होईपर्यंत मर्दन व स्वेदन दोन्ही टाळावे. खात्री झाल्यानंतर, कातडी फुटलेली नसल्यास, सुश्रुताचार्यांनी भग्नचिकित्सेत सांगितलेला मंजिष्ठा, यष्टिमधु, रक्तचंदन, शालिपिष्ट व शतधौतघृत यांचा लेप योजावा.

रुग्ण पाठवताना अपघाताची वेळ, दिसलेली लक्षणे आणि आपण काही दिले असल्यास ते लिहून चिठ्ठी सोबत द्यावी. अपघाताचे प्रकरण कायदेशीर नोंदीचे असते. आपली चिठ्ठी पुढे कुटुंबाच्या कामी येते. 2025 पासून केंद्र शासनाच्या योजनेखाली रस्ते अपघातातील जखमींना नियुक्त रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत व दीड लाख रुपयांपर्यंत रोकडरहित उपचार मिळतात, हेही नातेवाइकांस सांगावे. गोंधळलेल्या माणसाला अशी माहिती औषधाइतकाच आधार देते.

नंतर मन : बालक बोलत नाही, दाखवते

काश्यपसंहितेतील वेदनाध्यायाचे महत्त्व आपण सर्व जाणतो. जे बालक बोलू शकत नाही, त्याची वेदना त्याच्या चेष्टांवरून ओळखावी, हे त्या अध्यायाचे सार. शिरःशूल असता बालक डोके हलवते, डोळे मिटते, त्यास झोप येत नाही, असे सूक्ष्म निरीक्षण तेथे आहे. अपघातानंतरच्या मानस वेदनेला हीच दृष्टी लावावी लागते. सात-आठ वर्षांचे बालक चांगले बोलणारे असले तरी भयाविषयी बोलण्याइतके शब्द त्याच्यापाशी नसतात. ते एकच खेळ पुन्हा पुन्हा खेळते, त्यात खेळातील गाड्या सतत एकमेकींवर आपटत राहतात. ते गाडीत बसण्यास नकार देते, आईला सोडत नाही, बोबडे बोलू लागते, सुटलेली सवय पुन्हा धरते. हॉर्नचा वा ब्रेकचा आवाज आला की अंग चोरते.

भयाने वायूचा प्रकोप होतो हे आपल्या शास्त्राचे मूलभूत प्रतिपादन आहे. चरकाचार्यांनी अतिसाराच्या प्रकारांत भयज व शोकज असे दोन प्रकार स्वतंत्रपणे सांगितले, यावरून मनाचा आघात कोष्ठापर्यंत कसा पोहोचतो हे त्यांस किती स्पष्ट होते ते दिसते. म्हणून अपघातानंतरच्या काळात बालकाचे पोट बिघडले, तर प्रश्न केवळ आहाराचा विचारून थांबू नये.

पहिले काही आठवडे अशी लक्षणे दिसणे स्वाभाविक आहे आणि बहुसंख्य बालकांत ती आपोआप ओसरतात. एक महिना उलटूनही ती टिकली, वाढली, किंवा झोप, शाळा व खेळ यांत अडथळा आणू लागली, तर ती आघातोत्तर मनोविकाराची असू शकतात. ही मर्यादा प्रत्येक वैद्याने लक्षात ठेवावी.

आमचा अनुभव

2017 च्या जूनमध्ये आम्ही सहकुटुंब साताऱ्याहून पुण्याकडे येत होतो. गाडी आम्ही स्वतः चालवत होतो. पत्नी शेजारी, सात वर्षांचा मुलगा मागच्या आसनावर, नेहमीप्रमाणे पट्टा न लावता. खंबाटकीचा बोगदा ओलांडल्यानंतर, पावसाने ओल्या रस्त्यावर, पुढचा ट्रक मंदावला आणि आमची गाडी त्याच्या मागच्या बाजूवर आदळली. मुलगा दोन आसनांच्या मधून पुढे फेकला गेला. कपाळाला टेंगूळ, ओठ फुटलेला. जवळच्या रुग्णालयात तपासणी झाली, रात्रभर देखरेखीखाली ठेवले, सकाळी घरी पाठवले. येणाऱ्या प्रत्येकास आम्ही सांगत होतो, ‘ट्रकवाल्याने एकदम ब्रेक मारला. पण कुणाला काही लागलं नाही.’

तिसऱ्या दिवशी आम्ही चिकित्सालयात रुजू झालो. दुसऱ्या आठवड्यात मुलगा अंथरुणात लघवी करू लागला. ती सवय सुटून तीन वर्षे झाली होती. रात्री दात खात असे. आम्ही कृमी असे निदान केले आणि विडंग सुरू केले. बालकांत अंथरुण ओले होणे व दात खाणे यास कृमी म्हणण्याची आपली सवय इतकी जुनी आहे की, अन्य विचार मनास शिवलाही नाही. भूक मंदावली तेव्हा दीपन-पाचन दिले. तो गप्प झाला तेव्हा, ‘शहाणा झाला’ असे म्हटले.

पाच आठवडे झाल्यावर एका रात्री आमच्या मातोश्रींनी आम्हास त्याच्या खोलीत बोलावले. तो जागा होता. आजीने त्याला जवळ घेऊन एवढेच विचारले होते, ‘तुला कशाची भीती वाटते रे बाळा?’ त्यावर तो म्हणाला होता, ‘मी बाबांना हाक मारली म्हणून गाडी धडकली.’

हे खरे होते. त्याने काढलेले चित्र दाखवण्यासाठी मागून हाक मारली होती, ‘बाबा, बघ ना!’ आणि आम्ही मान वळवून पाहिले होते. तेवढ्यात ट्रक मंदावला. ही गोष्ट आम्ही कुणासही सांगितली नव्हती, पत्नीसही नाही. आपण जे लपवले ते कुणासच ठाऊक नाही, अशी आमची समजूत होती. ते ठाऊक असलेला एक साक्षीदार मागच्या आसनावर होता, आणि बाबा ज्याविषयी बोलत नाहीत ते फार वाईट असले पाहिजे व ते आपल्यामुळेच झाले असले पाहिजे, असा निष्कर्ष त्याने काढला होता.

त्या रात्री आम्ही त्याला सांगितले, ‘हाक मारणं ही चूक नाही. गाडी चालवणाऱ्यानं मागं बघायचं नसतं. मी बघितलं. चूक माझी होती.’ तो बराच वेळ आमच्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, ‘मग तू आजीला का नाही सांगितलंस?’ यास आमच्यापाशी उत्तर नव्हते.

पुढे बालमानसतज्ज्ञांची मदत घेतली. त्यांनी प्रथम उभ्या गाडीत, इंजिन बंद ठेवून, त्यास बसवण्यास सांगितले. मग गल्लीच्या टोकापर्यंत, मग बाजारापर्यंत, असे अंतर त्याच्या संमतीने वाढवले. विडंग आम्ही बंद केले. अंथरुण कोरडे होण्यास आणखी सुमारे दोन महिने लागले. त्या दिवाळीत आम्ही पुन्हा साताऱ्यास गेलो. परतताना बोगदा आला तेव्हा मागे शेजारी बसलेल्या आईचा हात त्याने धरला, आणि वळण संपल्यावर सोडला.

चिकित्सा : आश्वासन हे पहिले औषध

चरकाचार्यांनी त्रिविध चिकित्सेत सत्त्वावजयाचा स्वतंत्र निर्देश केला आहे, आणि मानस उपघातात सांत्वन व आश्वासन हे उपाय सांगितले आहेत. शारीरस्थानात तर बालकास कधीही भीती दाखवू नये, रडत वा जेवत नसताना राक्षस-पिशाचांची नावे घेऊन घाबरवू नये, अशी स्पष्ट आज्ञा आहे. ‘रडलास तर पुन्हा गाडी धडकेल’ हे वाक्य आम्ही आमच्या चिकित्सालयात कानांनी ऐकले आहे.

व्यवहारात पुढील गोष्टी सांभाळाव्यात. बालकाची झोपेची, जेवणाची, शाळेची वेळ पूर्ववत ठेवावी. घडलेला प्रसंग त्याच्याकडून खोदून वदवून घेऊ नये. घाईने घेतलेली अशी एकच बैठक उपयोगी पडत नाही, हे आधुनिक संशोधनातूनही दिसले आहे. त्याने आपण होऊन विचारले तर मात्र टाळू नये. खरे, थोडक्यात आणि त्याच्या वयाला कळेल असे सांगावे. ‘तुझ्यामुळे झाले नाही’ हे वाक्य त्याने न विचारताही सांगावे. आजीने मीठमोहरी ओवाळली तर त्यास विरोध करण्याचे कारण नाही; तो मायेचा स्पर्शच आहे. मात्र ती तपासणीच्या जागी येऊ नये.

गाडी चालवणाऱ्या पालकास वेगळे बसवून त्याची विचारपूस करावी. अपराधी भावनेने तो एकतर बालकास दूर ठेवतो, नाहीतर क्षणभरही नजरेआड होऊ देत नाही. दोन्हींत बालकाचे भय वाढते. त्यास बोलते करणे ही बालकाचीच चिकित्सा आहे.

शिरोभिघाताची शंका पूर्ण दूर झाल्यानंतर पादाभ्यंग, कोमट दूध, वय व अग्नी पाहून ब्राह्मीघृत यांची योजना साहाय्यक म्हणून करावी. पहिल्या दोन दिवसांत झोप आणणारे काहीही देऊ नये. गुंगी औषधाची की आघाताची हे मग कुणासच कळत नाही. महिन्यानंतरही लक्षणे राहिल्यास बालमानसतज्ज्ञाकडे पाठवावे. आघातकेंद्रित वर्तनचिकित्सेचा बालकांत चांगला उपयोग होतो. 2022 पासून सुरू असलेल्या ‘टेलि मानस’ सेवेचा 14416 हा क्रमांक चिकित्सालयात लावून ठेवावा. लहान गावांत त्याचा विशेष उपयोग आहे.

औषधालयचालकांस विनंती

‘पोरगं घाबरलंय, झोपेचं काहीतरी द्या,’ असे सांगत पालक प्रथम आपल्या दुकानात येतात. अशा वेळी ‘कशाने घाबरलं? पडलं का? अपघात झाला का?’ एवढे जरूर विचारावे. स्मृतिसागर रसासारखे खनिज कल्प बालकासाठी वैद्याच्या चिठ्ठीविना देऊ नयेत. सारस्वतारिष्ट हे संधानकल्प असून त्यात स्वयंजनित मद्यांश असतो, हे ध्यानात ठेवावे. त्या दिवशी एक बाटली कमी विकली जाईल. परंतु आपल्या एका प्रश्नामुळे एखादे बालक वेळेवर रुग्णालयात पोहोचेल.

पुढचा प्रवास

4 सप्टेंबर 2022 रोजी पालघरजवळील अपघातात सायरस मिस्त्री यांचे निधन झाले, त्यानंतर मागच्या आसनावरील पट्ट्याविषयी देशभर चर्चा झाली. मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील बालकास पट्टा वा बालआसन नसल्यास एक हजार रुपये दंड ठेवला आहे. बालक मांडीवर असले म्हणजे सुरक्षित, ही समजूत चुकीची आहे. टक्कर होताना कोणाचेही हात त्यास धरून ठेवू शकत नाहीत. तान्ह्या बालकास मागील आसनावर पाठमोऱ्या बालआसनात, आणि मोठ्या मुलास साधारण 145 सेंटिमीटर उंची होईपर्यंत उंची वाढवणाऱ्या आसनावर पट्टा लावून बसवावे. मोठ्या टकरीत सापडलेले बालआसन पुन्हा वापरू नये. सुवर्णप्राशनाच्या दिवशी पालक मोठ्या संख्येने येतात; तेव्हा हे दोन शब्द सांगण्याचा प्रघात आम्ही ठेवला आहे.

आमचा मुलगा आता आमच्याइतका उंच झाला आहे. हा लेख प्रथम त्यास वाचावयास दिला. त्याने एकच दुरुस्ती सुचवली. कपाळाचे टेंगूळ लगेच बरे झाले, ते लिहिण्याची आवश्यकता नाही, असे तो म्हणाला. आम्ही ते तसेच ठेवले आहे, कारण आम्ही पाच आठवडे फक्त तेवढेच पाहिले होते.