झाकणासोबत तोटीही फिरते? दोष भोकाच्या आकारात असू शकतो

सिम कार्डचा एक कोपरा कापलेला का असतो? ते उलटं बसू नये म्हणून. म्हणजे काम आकारच करतो. मी सॉफ्टवेअरवाला, पण अशी युक्ती मला तेलाच्या पत्र्याच्या डब्यातही आवडते.

डब्याच्या भोकात प्लास्टिकची तोटी दाबून बसवतात. भोक अगदी गोल असेल, तर तोटीला फिरण्यापासून अडवतं ते फक्त घर्षण. तिथे तेल लागलं की पकड कमी होते. मग झाकण फिरवलं की तोटीही फिरते, सीलची कडी तुटत नाही आणि जोड गळू लागतो. सैल तोटी सीलसकट निघाली, तर आतलं तेल बदललं तरी सील शाबूत दिसेल!

उपाय सोपा आहे. भोकाच्या कडेला खाचा ठेवायच्या आणि तोटीला त्यात बसणारे दात द्यायचे. आता तोटी फिरायची तर दात तुटायला हवेत. खाचांचे कोपरे मात्र गोलसर हवेत. टोकदार कोपऱ्यात ताण एकवटतो आणि पत्र्याला चीर जाऊ शकते.

नवा डबा उघडताना झाकणासोबत तोटीही फिरली, तर तो सरळ दुकानदाराला परत करा.